आधी चार घास

कण्या बुडाला लागू नयेत म्हणून आयझेया चमचा थांबवत नव्हता. तासभर झाला असेल. हात चालत होता, आत मात्र काही म्हणजे काही हलत नव्हतं.

पाच मिनिटांत शिजतात त्या मक्याच्या कण्या नव्हेत, ती खळ. शहरातली माणसं खातात, खाऊ देत बापडी.

शेजारचा थॅडियस दुपारी कोळंबी देऊन गेला होता, खाडीत जाळं टाकून पकडलेली. दारातच टोपी काढून उभा राहिला, बादली पुढे केली आणि एक शब्द न बोलता वळला. एरवी तासभर डोकं खाणारा माणूस.

आयझेयाने कोळंबी सोलली, काळा दोरा काढला. बेकनच्या चरबीत पीठ तांबूस भाजलं, कांदा टाकला. ही सगळी ड्रुसिलाची शिस्त. चाळीस वर्षं बायकोने त्याला चुलीजवळ फिरकू दिलं नव्हतं. वर्षापूर्वी तिने अंथरूण धरलं, तेव्हापासून आतल्या खोलीतून हुकूम सुटायचे. एक ताकीद मात्र पक्की होती. "व्हर्निस आली की आधी तिच्या पोटात चार घास घाल. उपाशीपोटी कसलंच बोलणं नको. शब्द दे." त्याने शब्द दिला होता.

व्हर्निस त्यांची एकुलती एक लेक. बेट सोडून शहरात गेली म्हणून आईशी वाजलं होतं. तीन वर्षं आली नव्हती. दर रविवारी बापाला फोन तेवढा करायची. आज दुपारी भिंतीवरच्या घड्याळाखालच्या फोनवरून त्यानेच तिला सांगितलं, "आज जेवायला ये."

ऊन खाडीवरून उतरलं. सहा वाजले असावेत असं त्याने ठरवलं, आणि बाहेर गाडी थांबली.

"आई?" व्हर्निसने दारातूनच विचारलं.

"आत आहे. तू आधी बस."

ती आतल्या बंद दाराकडे बघत राहिली. मग हात धुतले आणि बसली. टेबलावर दोनच बश्या होत्या.

"तुम्ही केलंत? तुम्हाला तर पाणीसुद्धा उकळता येत नव्हतं, बाबा."

"टोमणे नंतर. खा."

"चव आईच्या हातची आहे. मीठ जरा कमी."

"तिनेही हेच म्हटलं असतं."

व्हर्निस सावकाश जेवली. दुसऱ्यांदा मागून घेतलं, बशी पुसून खाल्ली. आयझेयाला हायसं वाटायला हवं होतं, पण तेही वाटलं नाही. शब्द पाळून झाला होता. आता बोलायचं होतं.

"व्हर्निस, तुझी आई—"

"तुम्ही कधीपासून जेवला नाहीत?"

त्याला आठवेना. तिने त्याची बशी ओढली, कण्या वाढल्या, वर कोळंबी घातली आणि चमचा त्याच्या हातात दिला.

"आधी खा. माझं वाटेत रडून झालंय," ती म्हणाली. "आजी गेली तेव्हा तुम्ही स्टुलावर चढून ते घड्याळ थांबवलं होतंत. खाली स्टूल मीच धरलं होतं. दर रविवारी तुमच्या फोनमध्ये त्याची टकटक ऐकते मी, बाबा. आज नव्हती."