पिशवीवरचा पहारा

“भुलीसाठी वायू कुठला दिलात?” थोरल्या लेकीने भूल देणाऱ्या डॉक्टरला खोलीच्या दारातच गाठलं.

वडिलांच्या पोटाचं ऑपरेशन कालच झालं होतं. पलंगाला टांगलेल्या लघवीच्या पिशवीत आज जेमतेम तळ झाकला होता. भुलीच्या वायूने मूत्रपिंडं निकामी होतात, असं ती कुठेतरी वाचून आली होती. तेव्हापासून तिला जो तो गुन्हेगार दिसत होता. नर्स पिशवीवरचा आकडा टिपते आणि न बोलता जाते, ते का? हा डॉक्टर सारखा वाकून पिशवीच का बघतो? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! म्हणून तर तिने आईला कालपासून पलंगाशी पहाऱ्याला बसवलं होतं.

“पूर्वीच्या एका वायूने तसं व्हायचं, पण तो आम्ही वापरत नाही,” डॉक्टर म्हणाला. “रक्ताचा रिपोर्टही चांगला आलाय. मग लघवी का उतरत नाही, तेच कळत नाहीये.”

कळत नाही म्हणे! कुठेतरी पाणी मुरतंय, याची तिला खात्रीच पटली.

“संध्याकाळपर्यंत वाढली नाही, तर आत काही दुखावलंय का ते बघावं लागेल. म्हणजे पुन्हा ऑपरेशन.”

“आणि पुन्हा तुमचा वायू?”

“भूल तर द्यावीच लागेल.”

पहिल्याच भुलीतून बाबा कसेबसे जागे झाले होते. दुसऱ्या वेळी झालेच नाहीत तर? तिला रडू कोसळलं.

तेवढ्यात आई बाथरूममधून हात पुसत बाहेर आली. घरी भांड्यावरचा डागही सहन न करणारी बाई, इथेही तिने खोली लख्ख ठेवली होती.

“आई, घाबरू नकोस, यांच्या तोंडावर सांग. कालपासून पिशवीला कुणी हात लावला?”

“कुणाची टाप आहे!” आई ठसक्यात म्हणाली. “जरा भरली की खालची तोटी उघडून मीच ओतून येते. तूच बजावलंस ना, या लोकांच्या भरवशावर काही म्हणून सोडू नकोस?”