तिसरी पट्टी

नामांतराच्या मोर्च्यामुळं औरंगाबाद बंद होतं, तरी मी विमानतळाच्या टॉवरवर वेळेत हजर होतो. प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असते. फळीवर ज्याची पट्टी वर, ते आधी उतरणार. वीस वर्षांत माझा हा क्रम कधी चुकला नव्हता.

त्या दुपारी विमानं दोनच यायची होती. फळीवर पट्ट्या तीन.

“साहेब, वरची तुमच्याच अक्षरातली हाय,” मदतनीस चंपाबाई म्हणाल्या.

मी ती लिहिलीच नव्हती. फाडून टाकली आणि मुंबईच्या विमानाला उतरायला सांगितलं.

“आमच्या आधी उतरलेलं विमान अजून धावपट्टीवरच उभं आहे,” वैमानिक रेडिओवर म्हणाला.

मी खिडकीतून पाहिलं. लख्ख ऊन, मोकळी धावपट्टी. “तिथं काही नाही. उतरा,” मी ठणकावून सांगितलं.

“साहेब, त्यातली माणसं उतरून टॉवरकडे चालत निघालीत,” रेडिओवरून वैमानिक म्हणाला.

चंपाबाईंनी उठून जिन्याच्या दाराला कडी घातली.