आभाळात बसलेला माणूस

जीपला बांधलेला दोर ताठ झाला आणि ते यंत्र जमिनीवरून उठलं. नळ्यांचा सांगाडा, त्यावर खुर्ची, खुर्चीत कातडी टोपी घातलेला माणूस आणि त्याच्या डोक्यावर गरगरणारी दोन लांब पाती. पंख नव्हते. इंजिन नव्हतं. उन्हाळ्यात मुळशी धरणाचं पाणी मागं हटलं की भेगाळलेला माळ उघडा पडतो. त्यावरून जीप धुरळा उडवत पळाली आणि तिच्यामागं तो माणूस झाडाच्या शेंड्याएवढा वर चढला.

गर्दीत मागं उभा असलेला हैबतराव टाचा उंचावून बघू लागला.

हेच त्यानं अठरा वर्षांपूर्वी बघितलं होतं. धरणात शेतं गेल्यावर तो आणि कुशाबा मुंबईला गोदीत गेले आणि पुढं आगबोटीवर कोळसा मारायला लागले. लढाईचे दिवस होते. आफ्रिकेच्या वाटेवर एका दुपारी हैबतराव वारा खायला डेकवर आला, तर लांब समुद्रावर, आभाळात, एक माणूस बसलेला. डोक्यावर भिंगरी फिरतेय, आवाज कसला तो नाही. त्यानं सारंगाला, खलाशांच्या मुकादमाला, सांगितलं. ऊन लागलं समजून सारंगानं त्याला पाणी पाजलं आणि सावलीत बसवलं. दिवस मावळताना बोटीला खालून दणका बसला आणि ती बुडाली. कुशाबा तेव्हा तळाला, भट्टीपाशी होता. हैबतराव एका फळीला धरून राहिला म्हणून वाचला.

गावी येऊन त्यानं घडलं तसं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि त्याचं नाव भिंगरी ठेवलं. कुशाबाच्या म्हातारीनं तर एकच धरून ठेवलं. ज्याला आभाळात माणसं दिसतात, त्याच्या सांगण्यावरून मी माझ्या पोराला मेला म्हणणार नाही. दुसऱ्या कुठल्या बोटीनं कुठंतरी लागला असंल, येईल. सुनेचं, गोजराबाईचं, कुंकू तिनं पुसू दिलं नाही. म्हातारी वाट बघत बघतच गेली. सुरुवातीला हैबतराव भांडायचा, शपथा घ्यायचा. मग त्यालाच कंटाळा आला. कुणी भिंगरी म्हणून हाक मारली तरी तो ओ द्यायला लागला.

जीप थांबली. यंत्र हळूच खाली टेकलं. टोपी काढून घाम पुसत गुप्ते साहेब लोकांत आले. विमानदलातून निवृत्त झालेले, पुण्याचे. हे यंत्र त्यांनी स्वतः घरामागं बसून जोडलं होतं.

"याला ऑटोजायरो म्हणतात," ते सांगू लागले. "पाती नुसत्या वाऱ्यानं फिरतात. लढाईत मी विलायतेत होतो, तिथं रडार तपासायला अशी इंजिनाची यंत्रं उडवायचे. ते बघितल्यापासून मला हे वेड लागलंय. जर्मनांचं तर अगदी असं, बिनइंजिनाचं होतं. पाणबुडीला दोरानं बांधायचे आणि माणूस वर चढवून लांबची जहाजं हेरायचे. इकडं हिंदी महासागरातसुद्धा."

एकेक मान हैबतरावकडं वळली. शेवटी गेणबा पुढं आला. भिंगरी हे नाव त्यानंच ठेवलेलं.

"हैबतराव," तो म्हणाला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यानं त्याला नावानं हाक मारली. "तुमी बगितलं त्ये ह्येच का?"

या दिवसाची हैबतरावनं किती वाट बघितली होती. तोंडात शब्दही तयार होता. तेवढ्यात त्याला बायकांत उभी असलेली गोजराबाई दिसली. तिच्या पोराचं, वाल्मीकचं, लग्न तोंडावर आलं होतं. मांडव पडला होता. इथं एक 'व्हय' म्हटलं, की कुशाबा अठरा वर्षांपूर्वीच मेलेला ठरणार होता आणि आईनं पोराला हळद न लावता कोपऱ्यात बसायचं होतं.

"न्हाई," हैबतराव म्हणाला. "त्ये ह्ये न्हवं."

गेणबानं कपाळाला हात लावला. लोक हसले आणि दोर ओढायला साहेबांच्या मागं धावले.

हैबतराव घराकडं निघाला. कधी नव्हे इतका तो थकला होता. चढावर मागून पावलं वाजली. गोजराबाई होती.

"भावजी, त्ये ह्येच हुतं न्हवं?"

"न्हाई वयनी. त्याची पाती निराळी हुती."

"खोटं बोलनं तुमाला जमत न्हाई." ती त्याच्या बरोबरीनं चालू लागली. "तुमी समुद्रावरनं आलात आन् आमच्या उंबऱ्यात हुबं ऱ्हायलात, तवाच तुमच्या तोंडाकडं बगून मला कळलं, हे गेलं म्हनून."

हैबतराव थांबला.

"मग कदी बोलला न्हाईत त्ये?"

"म्हातारी त्याच आशेवर जगत हुती. ती गेली, मग पोरगं बापाची वाट बगत येशीपतुर जायाचं. कुनाला काय सांगू?"

खाली माळावर जीप पुन्हा सुरू झाली. दोघांनीही वळून बघितलं नाही.

"आता त्याचं लगीन हुंदे," गोजराबाई म्हणाली. "माज्या हातानं त्याला हळद लावते. मग मीच समद्या गावाला सांगते, हैबतभावजी खरं बोलत हुतं म्हनून. तवर तुमी आनिक थोडं दिस खोटं ऱ्हावा."