वरच्या धावरीची पाहणी

"रस्ता हा एकच?" इंद्रजितच्या मोटारसायकलवरून उतरता उतरता सयाजीने विचारलं.

"एकच," इंद्रजित म्हणाला. "मेढ्याहून वर येतो आणि इथंच संपतो."

सयाजीने मागे वळून घाट पाहिला. फौजेत अर्धं आयुष्य काढलेला माणूस. कुठंही गेला की आधी यायची-जायची वाट बघायचा.

वरची धावरी हे गाव निम्मं ओस पडलं होतं. माणसं मुंबईला गेली, घरांना कुलपं लागली. मग इंद्रजित आणि त्याची बायको राणी सांगलीहून इथं राहायला आली. त्यांच्यामागून त्यांच्या विचारांची आणखी माणसं आली. विचार साधा होता. ज्याने कुणाला इजा केली नाही, त्याच्यावर कुणाची सत्ता नाही. सरकारची नाही, गावकीची नाही, भावकीचीही नाही. असे लोक गावोगाव एकेकटे राहून काही होत नाही. सगळे एका गावात आले तर ग्रामपंचायत हातात येते. म्हणून ते येणाऱ्याला आधी गाव दाखवत. बघा, पटलं तर या.

सयाजीला विचार पटला होता. गाव बघायचं राहिलं होतं. इस्लामपूरजवळ त्याचा ऊस होता, घरी दोन मुलगे होते. बायको राहीबाई गेल्या वर्षी वारली. मुलांना त्याने पेन्शनच्या कामाला साताऱ्याला जातो म्हणून सांगितलं होतं. खरं कळलं असतं तर त्यांनी येऊ दिलं नसतं. आज जागा पक्की करूनच घाट उतरायचा, असं त्याने ठरवलं होतं.

"मी सयाजी. आमी मूळचं..."

"नको, काका," इंद्रजितने थांबवलं. "आडनाव, गाव, कुणापैकी, हे इथं कुणी विचारत नाही. सांगायचंही नाही."

"मग माणूस वळखायचा कसा?"

राणी चहा घेऊन आली. "आवं, चार दिस शेजारी राह्यला की कळतोय की! माझ्या सासूला माझं आडनाव, गाव समदं ठावं हुतं. तरी मी कळायला तिला बारा वर्सं लागली."

"अजून कुठं कळलीस," इंद्रजित म्हणाला.

चहा झाला आणि तिघं गावातून निघाले. सयाजी प्रत्येक गोष्ट विचारत होता. पाणी कुठलं, वीज जाते का, बाहेरचा माणूस आला की कुत्री भुंकतात का.

"दवाखाना?"

"मेढ्याला."

"बाळंतपणाची सोय हाय तिथं?"

राणीने तोंडाला पदर लावला. "काका, दुसरं लगीन करताय व्हय?"

सयाजी हसला नाही.

पाण्याच्या टाकीपाशी एक तरुण मुलगी कपडे वाळत घालत होती. पाठमोरी होती. हातात हिरवा चुडा. तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. सयाजी थांबला आणि बघत राहिला. बराच वेळ.

राणीचं हसू गेलं. ती चालता चालता मध्ये येऊन उभी राहिली.

"कोण ही?" सयाजीने विचारलं.

"राहत्यात इथं."

"नवरा काय करतो?"

"तिचं ती सांगंल. सांगायचं असलं तर."

टोकाचं एक रिकामं घर इंद्रजितने उघडून दाखवलं. दोन खोल्या, पुढं पडवी. सयाजीने आत जाऊन दार लावलं, कडी घातली आणि आतूनच दाराला दोनदा हिसका दिला. कडी हलली नाही. तो बाहेर आला आणि पिशवी ठेवून पडवीत बसला.

"मग काका, येताय?" इंद्रजितने विचारलं.

"मी एकटा न्हाई येत. माझ्या पलटणीतली धा घरं हायत, समदी पेन्शनवाली. माझ्या शब्दावर येत्यात."

इंद्रजित त्याच्याकडे बघतच राहिला. निवडणूक तोंडावर होती आणि एवढीच घरं कमी पडत होती.

"फकस्त एक काम करा," सयाजी म्हणाला. "माझी पोरगी पळून गेलीया. जातीभायेरच्या पोराबरुबर. ती हितं हाय. घर दाखवा."

इंद्रजितने घराचं दार ओढून घेतलं.

"आहे म्हणणार नाही," इंद्रजित सावकाश म्हणाला. "आणि नाही, असंही म्हणणार नाही."

"बाप हाय मी तिचा."

"असाल. ती सज्ञान आहे ना?"

"धा घरं, इंद्रजित. ग्रामपंचायत तुमची. त्या टाकीवरच्या पोरीला फकस्त हाक मारा."

इंद्रजित राणीकडे बघायला लागला. राणीने बघितलंही नाही. तिने पडवीतली सयाजीची पिशवी उचलली आणि रस्त्यावर नेऊन ठेवली.

"उठा," ती म्हणाली. "वाट ठावी हाय न्हवं? एकच हाय."

"आन् मी पोरांना घिऊन आलो तर? गाडी भरून?"

"या की. आमीबी हितंच हाय."

आवाज ऐकून शेजारपाजारच्या दारांतून माणसं बाहेर आली. काय झालं, कुणी विचारलं नाही. टाकीकडे जाणाऱ्या वाटेवर ती एकेक करून उभी राहिली. हिरव्या चुड्याची मुलगी दिसेनाशी झाली.

"काका," इंद्रजित म्हणाला. तोही त्या वाटेवर जाऊन उभा राहिला. "परत येऊ नका."

मोटारसायकलवर सोडतो, असं कुणी म्हणालं नाही. सयाजी पिशवी खांद्याला लावून घाट उतरायला लागला. ताठ चालत होता. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर मोबाईलला रेंज आली. तिथल्या दगडावर बसून त्याने फलटणला बहिणीला फोन लावला.

"तानू, पोरीला दे."

पलीकडे कुजबुज झाली. दार लावल्याचा आवाज आला.

"आबा?"

"राजनंदिनी, जागा पक्की. मल्हारला सांग, उद्या पहाटंच निघा दोघं. दोन खोल्या हायत, कडी मजबूत हाय."

"आणि तुम्ही?"

"मला कुठलं घेत्यात आता."

ती हळूच म्हणाली, "आबा, दादा शोधत तिथं आला तर?"

सयाजीने मान वर करून घाटाकडे बघितलं.

"येऊ दे. तुझ्या बापाला हाकलून दिलं त्यांनी, दादाची काय कथा."