राखीव लाईन

शरीर गेल्यापासून मृदुलाच्या आईचं मन डेटा सेंटरमधल्या एका यंत्रात नांदत होतं. आज ते दुसऱ्या यंत्रावर हलवायचं होतं. वेगवान नेटवर्क कार्डानं मन जुन्या यंत्राला जखडलेलं, त्यामुळे ते कार्ड आधी काढायचं. नव्या यंत्रावर दुसरं कार्ड मिळेपर्यंत आईशी बोलणं संथ राखीव लाईनवर.

"येते हं," आई म्हणाली. निघताना 'जाते' तिनं कधीच म्हटलं नव्हतं.

तंत्रज्ञ खरातांनी कार्ड काढलं. आईचा आवाज रेंगाळू लागला, मग थांबलाच. "आई? आई!" मृदुला ओरडली.

"पोचले गं! केवढी घाबरतेस!" नव्या यंत्रातून स्वच्छ आवाज आला.

"ओळख पटली?" खरातांनी विचारलं. नातेवाईक 'हो' म्हणाल्याशिवाय जुनं यंत्र बंद करायचं नाही, असा नियम होता.

मृदुला रडत "हो" म्हणाली. खरातांचा हात बटणाकडे गेला.

तेवढ्यात जुन्या यंत्राची राखीव लाईन खरखरली.

"मृदू... मी अजून... इथेच आहे गं. तू कुणाशी... बोलतेयस?"

खरातांचा हात थबकला.

"अहो खरात," स्वच्छ आवाजातली आई हळूच म्हणाली, "मृदू 'हो' म्हणालीय ना? मग करा की बंद."