आजोबांचा नंबर

"आज बोलायचा नंबर माझा होता," आजोबा म्हणाले. "पण माझी अडचण कालच सुटली. तुम्हीच बोला, ताई."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. कुलपांचा कारखाना चालवणाऱ्या या बाई चार महिने इथे तोंडाला कुलूप लावूनच बसल्या होत्या. दर महिन्याला मन मोकळं करायला जमणारी ही मंडळी सहा, सगळी कारखानदार. कंपनीचं नाव, आडनाव, कोण काय बनवतो, सगळं मोबाइलसोबत दाराबाहेर ठेवून यायचं. आत सल्ला द्यायला सक्त मनाई. फक्त प्रश्न विचारायचे. दिवसभर हुकूम सोडणाऱ्यांना हे भलतंच जड जायचं.

"माझे मिस्त्री सोमवारपासून दुसरीकडे चाललेत," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षं आहेत माझ्याकडे. ते गेले की निम्मी माणसं त्यांच्यामागे जातील, मग कारखाना बंदच. घरी हे बोलायची सोय नाही आणि कामावर तर नाहीच नाही."

आजोबांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

"का जातायत?" कोणीतरी विचारलं.

"तो कारखाना त्यांच्या घराजवळ आहे, म्हणून असेल."

"असेल? म्हणजे विचारलं नाहीत?"

आजोबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्यांच्या मशीनपाशी शेवटच्या कधी बसला होतात?"

बाईंना आठवेना. ऑफिस वरच्या मजल्यावर गेलं, तेव्हापासून नाहीच. त्यांचे डोळे भरून आले. कोणी समजूत काढली नाही, कोणी घड्याळही पाहिलं नाही. इतकं निवांत ऐकून घेणारी माणसं त्यांना जन्मात भेटली नव्हती.

उठताना आजोबा म्हणाले, "माझा नंबर पुढच्या वेळी धरा बुवा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई स्टूल ओढून मशीनपाशी बसल्या. "मिस्त्रीकाका, माझं काय चुकलं?"

मिस्त्रींनी आधी मशीन बंद केलं. "नवा नमुना मला न दाखवताच पास केलात. त्याची किल्ली अडकणार, हे मी बघताक्षणी सांगितलं असतं."

दोघं दुपारपर्यंत त्या नमुन्याशी झटत बसले.

सोमवारी मिस्त्री नेहमीच्या वेळेला हजर झाले. बाईंना हायसं वाटलं.

"तिकडे नकार कळवलात?"

"शनिवारीच जाऊन आलो. मालक वयस्कर आहेत, वाटलं भडकतील." मिस्त्रींनी मान हलवली. "तर हसले की हो! एवढंच विचारलं, 'मग, बसल्या का बाई तुमच्या मशीनपाशी?'"