द्विदल

शलाकाची बॅग भरून झाली होती. तिचे आईबाबा दुपारी मस्कतहून येणार होते, तिला कायमचं न्यायला. दुपट्यात असल्यापासून मामा-मामीनं वाढवलेली पोर आता सातवीत होती.

हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून मामी खिडकीशी गेली. बिरड्याच्या वालांतला मोड आलेला एक दाणा शलाकानं श्रीखंडाच्या डब्यात पेरला होता. रोपाला हिरवीगार पानं फुटली होती. खाली दाण्याच्या दोन डाळिंब्या तेवढ्या सुरकुतून लोंबत होत्या. मामीनं त्या खुडायला हात घातला.

"मामी, नको ना! ती बीजपत्रं आहेत. खरी पानं येईपर्यंत त्यांनीच रोपाला भरवलंय."

"आली ना आता खरी पानं? मग यांचं काय काम? गळूनच जाणार त्या." मामीचा आवाज उगाचच चढला.

"गळू देत की. पण दोन डाळिंब्या होत्या म्हणून हे द्विदल. पुढे कितीही पानं येऊ देत, जन्मभर त्याला द्विदलच म्हणतात."

मामीनं हात मागे घेतला आणि आत हाक मारली, "अहो, इकडे या ना. आपली पोर काय म्हणतेय ऐका."